एकतीस डबे

गुरुवार, ११ मार्च

वाचणाऱ्या, आधी तोंडाला हात लावून बघ. मुसकं हनुवटीवर आलंय ना? मला माहीतच होतं. गेल्या साली गल्लीच्या दोन्ही तोंडांना पत्रे ठोकले होते, दूधवाला पत्र्यावरून पिशवी फेकायचा, आणि तू छातीवर हात ठेवून म्हणायचास की हे जन्मात विसरणार नाही. दिवाळीला विसरलास. तुला परवाची भाजी आठवत नाही, साथ काय आठवणार. म्हणून यंदाचं लिहून ठेवते. लिहून म्हणजे बोलते मी आणि लिहिते मोनिका, माझी सून. मला अक्षर येत नाही. ही डायरी आडत दुकानातून फुकट आली होती. इतके दिवस मोनिका तिच्यावर गरम पातेलं ठेवायची.

मी चतुराबाई. हर्सूलला आमची पिठाची गिरणी आहे. यंत्र मुलगा चालवतो, बद्रीनाथ. डबे मी सांभाळते. डब्यावर नाव लिहायची गरज आमच्याकडं कधी पडली नाही. कुणाचा पोचा कुठं आहे, कुणाचं झाकण दुसऱ्याच डब्याचं आहे, मला पाठ. आणि माझ्या सासूनं घालून दिलेली एक रीत आहे: मूठभर दाणा नाकाला लावल्याशिवाय दगडात जाऊ द्यायचा नाही. लोक गव्हात कीड मारायच्या गोळ्या टाकतात आणि काढायला विसरतात. दोनदा मी दळण परत पाठवलंय. त्या घरातली माणसं आज जिवंत आहेत आणि मला बघून तोंड फिरवतात.

नाकाला लावायचं तर मुसकं खाली घ्यावंच लागतं. हे सरकारला कोण सांगणार.

शनिवार, १३ मार्च

शनिवार-रविवार बाजार बंद. पिठाच्या गिरणीला सूट, त्यामुळं सगळी गल्ली आमच्या पायरीवर. गल्लीतला कारभारी सकाळीच पेपर घेऊन बसला. एसटीत कंडक्टर होता, निवृत्त झाला तरी आवाज उतरला नाही. रोज आकडा वाचून दाखवतो. आज किती सापडले, किती सुटले, किती गेले.

"चतुरावहिनी, आकडा वाढतो का? तपासण्या वाढवल्या म्हणून. तपासायचं बंद करा, साथ उद्या बंद."

म्हणलं, "व्हय. तुमच्या गाडीत तिकीट फाडलं नाही की पॅसेंजर नाहीच, तसं."

"तसं बी चालायचं कधी कधी," म्हणाला, आणि पायरी हसली.

लोकांत मी त्याची जिरवली, पण इथं खरं सांगते. मनातून मी त्याच्याच बाजूची. माझी धाकटी बहीण भागूबाई, पिशोरला दिलेली. गेल्या श्रावणात तिला खोकला झाला, तपासायला नेली. स्वतःच्या पायांनी गाडीत चढली. चपला बाहेर काढू का, असं ड्रायव्हरला विचारलं तिनं. अकरा दिवसांनी फोन आला. तोंड दाखवलं नाही, गुंडाळलेली होती. मी तेव्हापासून एवढंच धरून आहे: तपासलं म्हणून नेली, नेली म्हणून गेली.

मोनिका म्हणते तसं नसतं. ती शिकलेली आहे. तिची बहीण गेलेली नाही.

बुधवार, १७ मार्च

नवा हुकूम आला. दुकानात बसणाऱ्या प्रत्येकानं तपासणी करायची आणि कागद दारात लावायचा. शाळेत कॅम्प होता. बद्री आणि मोनिका जाऊन आले, दोघांचे कागद चांगले निघाले. बद्रीनं ते गणपतीच्या फोटोखाली चिकटवले, जणू पोरगं दहावीला पहिलं आलंय.

"आई, तुम्हीबी चला," मोनिका म्हणाली.

"मी दुकानदार नाही. मी गिरणीचं नाक आहे. नाकाचा कागद कुठं असतो?"

दुपारी तपासणीवाले गल्लीत आले तेव्हा मी मागच्या दारानं जैतुनबीकडं. आमच्या दोघींच्या भिंती एक. बेचाळीस वर्षांची शेजारीण, तिच्या चहात वेलची आणि बोलण्यात मिरची. आतल्या खोलीत बसवलं मला, दार लोटलं. मुसकी काढून दोन कप चहा प्यालो.

"क्या गे चतुरा, सासूच्या मारातून पळून यायचीस तशीच आलीस. तबी छुपी, आज बी छुपी. एक सुई का डर."

"सुई नाही गं. नाकात काडी घालतात."

"तो घालने दे. तेरी नाक वैसे बी सबके डब्बे में रहती."

रविवार, २१ मार्च

घसा खवखवतो. कालपासून मका दळतोय बद्री, त्याचा भुसा लई उडतो. अंगात कणकण आहे, ती उन्हाची.

मोनिकानं डाळीत मीठ घातलं नाही. दोनदा सांगितलं. घातलंय म्हणते. लिही म्हणलं, सुनेला लिहिता येतं पण मीठ घालता येत नाही, हे लिही. लिहिलंस का?

(हे मी माझं लिहितेय, आईंनी सांगितलेलं नाही. डाळीत मीठ बरोबर होतं. सगळ्यांनी खाल्ली. — मोनिका)

मंगळवार, २३ मार्च

चहा म्हणजे गरम पाणी. यंदाच्या गव्हालाही वास नाही. पाच घरांचा गहू नाकाला लावला, पाचही सारखे, कोरड्या मातीसारखे. बद्रीला म्हणलं की खतांनी धान्याचं वाटोळं झालंय. तो माझ्याकडं बघत राहिला आणि पट्टा नीट करायला वळला.

पारूबाई दळण टाकून अर्धा तास उभी होती. तिच्या सुनेची गोष्ट होती, ती इथं लिहीत नाही, मोनिका सगळ्या गल्लीला सांगेल.

कारभाऱ्यानं आकडा वाचला, आता हजाराच्या वर गेलाय. एक पार्टी म्हणते पूर्ण बंद करा, दुसरी म्हणते लोक भुकेनं मरतील. कारभारी दोन्ही बाजूंनी भांडतो, समोर कोण आहे ते बघून. मी मात्र आज आकडा पुरा व्हायच्या आधीच आत गेले. का ते कळलं नाही.

(आईंच्या तब्येतीचं यांना सांगितलं. म्हणाले, गिरणी बंद होईल, दोन दिवस बघू. मी गप्प बसले. — मोनिका)

गुरुवार, २५ मार्च

जैतुनबी ताटलीत भाकरी घेऊन आली. ती माझ्यापुढं धरली. मी तुकडा तोंडात टाकला.

"कैसी है?"

"चांगली आहे. थोडी जाड केलीस."

"जहर हुई है जहर. कडू. माझ्या नातवानं थुंकली. बाजरी कुबट होती चतुरा, पैठणहून आली तेव्हापासून ओल्या कोपऱ्यात पडली होती. मीच घाईत दिली तुला. म्हणलं खराब असली तर चतुरा परत पाठवंल. बयालीस साल में तूने कभी ऐसा दाना पीसने नहीं दिया."

मी म्हणलं, दगडात आधीच्या घरचं काही राहिलं असंल. ती उठली, तिच्या घरून हिन्याच्या अत्तराची बाटली आणली, बूच काढून माझ्या नाकाखाली धरली. तिच्या मुलाच्या लग्नातली बाटली. त्या लग्नात हे अत्तर गल्लीच्या टोकापर्यंत गेलं होतं.

"आया?"

"जुनं झालंय. उडून गेलं."

तिनं बाटली स्वतःच्या नाकाला लावली. मग बूच घट्ट लावलं आणि दोन पावलं मागं सरकली. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा ती माझ्यापासून मागं सरकली. म्हणाली, "तपासून घे. मेरी कसम."

शुक्रवार, २६ मार्च

हिंग हुंगला. कांदा फोडून नाकाला लावला. डोळ्यांतून पाणी आलं, वास आला नाही. तव्यावर मिरची टाकली. मोनिका खोकत बाहेर पळाली. मी तिथंच उभी होते.

म्हणलं हे लिहू नको. लिहीत बसलीय.

सगळ्यात वाईट विचार दुपारी आला. या आठवड्यात कुणाच्या गव्हात गोळी राहिली असती तर? मी नाकाला लावून म्हणले असते, टाक रे बद्री.

शनिवार, २७ मार्च

पूर्ण बंद जाहीर झाला. मंगळवारपासून दहा दिवस सगळं बंद राहणार. दळणाला सूट आहे का नाही, कुणालाच पक्कं ठाऊक नाही. एक म्हणतो आहे, दुसरा म्हणतो पोलीस मारतात. सकाळी शटर उघडायच्या आधीच डब्यांची रांग जैतुनबीच्या दारापुढं गेली होती.

मी आत पडून होते. बद्री आला. "आई, जरा बस. मला डबे कळत नाहीत, सगळी गडबड होईल. आजच्या दिवस."

"बद्री, माझं नाक गेलंय."

"मला माहिती आहे," तो म्हणाला.

त्यानं दारातून रांगेकडं बघितलं. मग तो म्हणाला, "गिरणी आत्ता बंद झाली तर एवढी घरं दहा दिवस काय खातील?"

मला तेच ऐकायचं होतं. तपासायला गेलं की परत येत नाहीत, हे त्याला सांगायचीही गरज पडली नाही. गल्लीच्या भाकरीच्या आड मी माझी भीती लपवली आणि बसले. मुसकं बांधलं, वरून पदर बांधला. एकही दाणा नाकाला लावला नाही. कारभारी म्हणाला, "वहिनी, आज नवरीसारखं तोंड झाकलंय." तो हसला. मी हसले नाही. तो जवळ आला, ऐकू येत नाही म्हणून आणखी जवळ आला. मी त्याला ढकलायला पाहिजे होतं.

सांजेपर्यंत बसले. मधेमधे दम लागत होता.

सोमवार, २९ मार्च

आज धुळवड. कुणी रंग खेळलं नाही.

सकाळी भिंतीपलीकडून खोकला आला. जैतुनबीचा खोकला मी ओळखते, तपकिरीचा वेगळा, थंडीचा वेगळा. हा त्यातला नव्हता. हा भागूबाईचा होता.

मोनिकाला म्हणलं, चप्पल दे.

शाळेत जाईपर्यंत ती माझ्या मागं दहा हात चालत होती. वाटेत म्हणाली, "आई, मी डायरीत माझ्या मनानं दोनदा लिहिलंय." काय लिहिलं ते सांगितलं. मला राग यायला पाहिजे होता. म्हणलं, "तोंडानं का नाही बोललीस?" ती म्हणाली, "तुम्ही का नाही बोललात?" सून शिकलेली असली की असं होतं.

नाकात काडी घातली. ज्या काडीला मी बारा दिवस चुकवलं, तिच्यानं फक्त एक शिंक आली. पाव तासानं सांगितलं की आहे.

तिथं निशा म्हणून आरोग्य केंद्रातली मुलगी होती, निळ्या गाऊनमध्ये घामानं भिजलेली. कागद पुढं घेतला. "आजी, गेल्या दहा-बारा दिवसांत कुणाला भेटलात? नसंल सांगायचं तर नसू द्या. या वॉर्डात सगळेच म्हणतात, कुणालाच नाही. माझ्या कागदावर अख्खं हर्सूल एकटं राहतंय."

मागून आलेला बद्री दाराशी होता. मान हलवून मला नाही म्हणत होता.

मी म्हणलं, "लिही. पहिला डबा, कडीला लाल चिंधी. पारूबाईचा."

"डब्यानं भागत नाही आजी. माणूस सांगा. किती वेळ उभं होतं, मुसकं कुठं होतं."

"डबा सांगते म्हणून माणूस आठवतो. पारूबाई. अर्धा तास. मुसकं दोघींचं गळ्यात."

तिनं माझ्याकडं बघितलं आणि दुसरा कागद घेतला. मग मी सांगत गेले. तेलाच्या पत्र्याचा डबा, सुताराच्या घरचा, पोरगी आली होती, दोन शब्द बोलली. स्टीलचा, झाकण बसत नाही, कारभारी, रोज दोन तास, पायरीवर, शेवटच्या दिवशी माझ्या कानाशी. दरवेळी डोळे मिटले की फळी दिसत होती आणि फळीवरून एकेक डबा खाली येत होता. डबा आला की त्याच्यामागं तोंड यायचं.

"आई, पुरं कर," बद्री दारातून म्हणाला. "एवढ्या घरांना कळलं तर उद्यापासून गिरणीवर कुत्रं यायचं नाय."

तेवीस झाले होते. मी थांबले. खरंच थांबले, ते लिही. पुढचा डबा जैतुनबीचा होता. तिचं नाव घेतलं की तिलाही गाडी येणार, आणि गाडीनं नेलं की काय होतं ते मला माहीत होतं. नाव नाही घेतलं तर ती घरात राहील, भिंतीला भिंत लावून. खोकत. तिची सून मुबश्शिरा वाफ देत राहील आणि मला रोज ऐकू येईल, आणि एक दिवस ऐकू येणार नाही.

म्हणलं, "चोविसावा. पितळी, कल्हई गेलेला. जैतुनबी. दोन कप चहा, दार लावून, मुसकं नाही. तिच्याकडं आधी जा."

एकतीसवर संपलं.

मग गाडी आली. मी चपलांचं विचारलं नाही. घालूनच चढले.

बुधवार, ३१ मार्च

हे फोनवरून सांगतेय. मुलींच्या वसतिगृहात ठेवलंय मला, चौघीजणी एका खोलीत. आयुष्यात शाळा बघितली नाही, आता वसतिगृहात राहते. बोटाला चिमटा लावतात, आकडा वाचतात. माझा चौऱ्याण्णव. चांगला का वाईट विचारलं तर म्हणतात, लक्ष ठेवू. मी पण लक्ष ठेवते, जागी राहून. डोळा लागला तर आकडा खाली येईल असं वाटतं.

काल बंद रद्द झाला म्हणे. पुढाऱ्यांनी विरोध केला, चौकात फटाके वाजले. खोलीतली एक बाई म्हणाली, बरं झालं, पोरगा भाजी विकतो. दुसरी म्हणाली, वाईट झालं, पोरगा वारला. दोघींचं खरं होतं.

बद्री म्हणाला, गिरणीच्या शटरवर कुणी शेण मारलंय. कारभारी दारात येऊन ओरडला, "तुझ्या आईनं माझं नाव सरकारात दिलं." ओरडता ओरडता त्याला धाप लागली, म्हणून गल्लीत तपासायला आलेल्या निशानं तिथंच त्याच्या बोटाला चिमटा लावला. शहाऐंशी. त्याला कळतही नव्हतं. त्याला नेलं.

जैतुनबीला घाटीच्या दवाखान्यात नेलं, ऑक्सिजन लावलाय. जाताना भिंतीवर हात मारून गेली, मोनिका सांगते. रागानं मारला का आठवणीनं, मोनिकाला कळलं नाही. मला विचारू नका.

शुक्रवार, २ एप्रिल

एकतीस घरं तपासली. नऊ घरांत सापडले, चौदा माणसं.

इथं खोलीतल्या एका बाईनं आजचा पेपर वाचला, आकडा चौदाशेच्या पुढं. कारभारी वाचायचा तेव्हा तो नुसता आकडा होता, मी त्यावर टोमणा मारायची. आता त्यातले चौदा मला तोंडानं माहीत आहेत. बाकीचे कुणाच्या फळीवरचे, कोण जाणे. चौदातले किती मी दिले आणि किती आधीच होते ते निशालाही सांगता येत नाही. मी विचारलं होतं. म्हणाली, "आजी, ते कुणालाच कळत नाही, पण पाचजण वेळेत सापडले, एवढं कळतं."

पाच हा आकडा मी घट्ट धरून ठेवलाय. हात सारखा सुटतो.

मंगळवार, ६ एप्रिल

मुबश्शिराचा फोन आला. मी भीत भीत कानाला लावला. आधी नुसता श्वास ऐकू आला तिचा. मग म्हणाली, "चतुराखाला, अम्मीनं निरोप दिलाय. पाच मिनिटं मास्क काढतात तेव्हा बोलली. बोली, चतुरा कू बोल, मेरा नाम चोबीसवाँ कायको, पहला कायको नहीं."

मी हसले आणि मग हसू थांबेना, खोलीतल्या बाया उठून बसल्या.

मुबश्शिरा म्हणाली, ऑक्सिजन कालच्यापेक्षा जास्त लावलाय. डॉक्टर म्हणतात, आणखी तीन दिवस काही सांगता येत नाही. अम्मी काही खात नाही, घास फिरतो. कारभारी पण तिथंच आहे, दोन खाटा सोडून, त्याच्यापाशी कुणी नाही. त्याची बायको सापडली, मुलगा सापडला, घरात चूल नाही. पारूबाईच्याही नाही.

तर मोनिका, ऐक, आणि हे नुसतं लिहू नको, कर. हुलग्याचं माडगं करायचं. हुलगे मंद भाजून घे, जात्यावर बारीक दळ, आणि शिजवून पातळ कर, दाताला काही लागता कामा नये. फेकायच्या डब्यांत भर, परत आणायचा डबा कुणालाच देऊ नको. एक जैतुनबीचा, घाटीत दारावर मुबश्शिरा घेईल, नुसतं घोट घोट पाजायचं म्हणावं. एक कारभाऱ्याचा, त्याच्याही तोंडात तिनंच घालावं, शिव्या दिल्या तर ऐकून घ्याव्यात. बाकीचे नऊ घरांच्या दारांत बद्रीनं स्वतः ठेवायचे, कडी वाजवायची आणि लांब उभं राहायचं. कुणी डबा लाथाडला तर उद्या दुसरा ठेवायचा. माडगं गरम जाऊ दे, आणि मला काही पाठवू नको, इथं खिचडी मिळते.